काठावर पास

मध्यभागी सगळेच आयपीस (दुर्बिणीला डोळा लावतो ते भिंग) चांगले असतात. दुर्बिणीसोबत फुकट आलेला साधा प्लॉसल आयपीस असो नाहीतर महिन्याचा पगार गिळणारा 82 अंशी (म्हणजे डोळ्याला 82 अंश रुंद दृश्य भासवणारा), मधला तारा दोघांतही टोकदारच दिसतो. पैसे मोजायचे ते कडेसाठी. आणि कडेकडे बघतं कोण? आम्ही. मे महिन्यात, रावेरकडच्या केळीबागेच्या बांधावर, घाम पुसत.

पद्धत सोपी आहे. तारा मधोमध आणून फोकस करा आणि डॉबला (हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) हात लावू नका. पृथ्वीच त्याला कडेला नेऊन सोडते. तिथे तो पसरला, तर फोकसरचं चाक किंचित फिरवा. टोकदार झाला, तर फील्ड कर्व्हेचर, म्हणजे मध्य आणि कडा एकाच वेळी फोकसात येत नाहीत. चाक फिरवताना ताऱ्याची आडवी रेघ उभी झाली, तर ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे बहुधा आयपीसच गुन्हेगार. बाहेरच्या बाजूला शेपटी फुटली आणि काही केल्या हटेना, तर कोमा; तो दोष दुर्बिणीच्या आरशाचा, आयपीसवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. मान तिरपी केल्यावर रेघही तिरपी झाली, तर दोष आपल्याच डोळ्याचा. हा निकाल कुणालाच आवडत नाही.

दुकानदार अंश मोठ्याने सांगतो, आयपीसच्या नळीबद्दल गप्प बसतो. सव्वा इंची नळीत 27 मिमीच्या आसपासच फील्ड स्टॉप (दृश्याची कड ठरवणारी आतली कडी) मावतो. म्हणून 32 मिमी फोकल लांबीचा 50 अंशी प्लॉसल आणि 24 मिमीचा 68 अंशी आयपीस आकाशाचा तुकडा जवळपास तेवढाच दाखवतात: 1200 मिमी फोकल लांबीच्या दुर्बिणीत साधारण 1.3 अंश. मात्र 32 मिमीत तो साधारण 37 पट मोठा दिसतो, 24 मिमीत 50 पट, आणि मागचं आकाश जास्त काळं दिसतं. ग्रामपंचायतीने हायमास्ट लावलेल्या गावात मी तरी यालाच पैसे देईन.

याहून मोठा तुकडा हवा, तर दोन इंची नळीचा आयपीस. टेली व्ह्यू कंपनीचा 31 मिमी नॅग्लर किलोभराचा, भरताच्या वांग्याएवढा ऐवज. ओमेगा सेंटॉरी हा दक्षिणेकडचा तारकागुच्छ जळगावहून जेमतेम 21 अंश वर चढतो. तिकडे दुर्बिणीची नळी जवळजवळ आडवी, त्यात तोंडाशी हे ओझं. हात सोडला की दुर्बीण थेट केळीच्या पानांत डोकं खुपसते. नळी पत्र्याची असेल, तर बुडाशी दोन-तीन लोहचुंबक चिकटवा. आयपीस बसवायच्या आधी, नंतर नव्हे.

चष्मेवाल्यांनी अंशांआधी आय रिलीफ (डोळा भिंगापासून किती लांब ठेवता येतो ते) विचारावा. 20 मिमीच्या आसपास हवा, नाहीतर कडा दिसतच नाही आणि वाद मिटतो. भिंगावर घामाचा थेंब पडला, तर खांद्यावरचा रुमाल लावू नका, त्यातली धूळ कोटिंग खरवडते. आधी फुंकणीने हवा, मग लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोल.

एका ठिकाणी मात्र 100 अंशांची किंमत वसूल होते. 200 पटीला 50 अंशी आयपीसमध्ये शनी एका मिनिटात पार होतो. 100 अंशीत दोन मिनिटं मिळतात. गल्लीतले अण्णा पहिलं मिनिट ‘माले ते काहीच दिखत नही’ म्हणण्यात घालवतात, दुसऱ्यात त्यांना कडं दिसतं. तोवर त्यांनी नळी धरली नसेल तर.