‘आय७ नसेल तर लॅपटॉपच घेऊ नका’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बारावीचा निकाल लागला, की गोव्यातील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो आणि चतुर्थीच्या सवलतींच्या दिवसांत तो पुन्हा डोके वर काढतो. मजकूर थोडक्यात असा: कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा तर आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी साठवण आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड हवेच; ८० हजारांच्या खालचा लॅपटॉप म्हणजे पैसे पाण्यात; एकदाच महागाचा घ्यावा, म्हणजे दहा वर्षे बघायला नको; आणि दुकानाची पायरी न चढता ऑनलाइन मागवावा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण हा सल्ला प्रमाण मानून हप्त्यांवर महाग यंत्र घेणारे पालक आहेत, म्हणून तो तपासून पाहणे भाग आहे. यातील रॅमचा मुद्दा बराचसा रास्त आहे. बाकीचे टिकत नाहीत.

पहिला दावा आय७चा. इंटेल कंपनीचे ‘आय३, आय५, आय७’ हे आकडे एकाच पिढीतील प्रोसेसरांची आपापसांतील प्रतवारी सांगतात. वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना त्यांवरून करता येत नाही. २०१६ साली आलेल्या कोअर आय७-७५००यू या प्रोसेसरमध्ये दोनच कोअर (स्वतंत्रपणे गणना करणारे भाग) होते, तर २०२२ साली आलेल्या आय३-१२१५यू या ‘खालच्या’ प्रोसेसरमध्ये सहा आहेत. त्यामुळे जुन्या साठ्यातला किंवा वापरलेला आय७ स्वस्तात मिळाला म्हणून हुरळून जाणारा ग्राहक नव्या आय३पेक्षा मंद यंत्र घरी आणण्याची शक्यता मोठी असते. नावाच्या शेवटचे अक्षरही तितकेच महत्त्वाचे आहे: यू म्हणजे साधारण १५ वॉटवर चालणारा, पातळ लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर, एच म्हणजे ४५ वॉटच्या आसपासचा, दमदार पण तापणारा. इंटेलची स्पर्धक एएमडी हिच्या बाबतीत तर फसगत अधिक सोपी आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे जुळ्या भावंडांसारखी दिसत असली, तरी पहिल्यात २०१९च्या सुमाराची झेन २ ही अंतर्गत रचना आणि चार कोअर आहेत, दुसऱ्यात झेन ३ आणि सहा. या मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो, आणि दुकानातल्या किमतीच्या पाटीवर नेमके तेच पूर्ण नाव न लिहिता नुसते ‘रायझन ५’ लिहिलेले असते. इंटेलने तर २०२३च्या अखेरीपासून नव्या प्रोसेसरांच्या नावातून ‘आय’ हे अक्षरच काढायला सुरुवात केली, त्यामुळे हा संदेश शब्दशः पाळणाऱ्याला ‘कोअर अल्ट्रा ७’ दाखवला तर तो नको म्हणून परत जायचा.

१ टीबी साठवणीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जागा किती यापेक्षा ती कोणत्या प्रकारची, हे आधी विचारावे. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या आसपास वाचते, तर साधी एनव्हीएमई एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची वेगवान साठवण) हजारांच्या घरात. ५१२ जीबीची एसएसडी बहुतेक विद्यार्थ्यांना पुरते, आणि पुढे कमी पडली तर ती बदलणे हे लॅपटॉपमधले त्यातल्या त्यात सोपे काम आहे.

रॅमच्या, म्हणजे चालू कामासाठीच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, बाबतीत मात्र संदेशाशी माझा फारसा वाद नाही. विंडोज ११ची किमान अट ४ जीबीची असली, तरी ब्राउझरच्या दहा-बारा खिडक्या, एक ऑनलाइन तास आणि वर्डची फाइल एवढ्यावरच ८ जीबी भरत येतात. फक्त १६ जीबी आजच विकत घ्यावी लागेलच असे नाही. ती पुढे घालता येईल की नाही, हा खरा प्रश्न आहे. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डागलेली असते (वर सांगितलेल्या ७५२०यूसोबत ती तशीच येते), आणि मग ८ जीबी म्हणजे कायमची ८ जीबी. दुकानातील नमुन्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जावे. तेथे खालच्या बाजूला दोनपैकी किती स्लॉट (रॅम बसवण्याच्या खाचा) वापरात आहेत, हे बहुधा लिहिलेले दिसते. एक मोकळा दिसला तरी विक्रेत्याकडून तशी खात्री करून घ्यावी आणि आजचे पैसे वाचवावेत.

ग्राफिक्स कार्ड ‘हवेच’ हा दावा सर्वांत खर्चिक आहे, आणि सर्वांत निराधारही. बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला टॅली, एक्सेल आणि प्रकल्पाची कागदपत्रे यांपलीकडे क्वचितच जावे लागते. या कामांना वेगळे कार्ड काहीही देत नाही. (टॅली विंडोजसाठीच बनते, म्हणून मॅकबुकचा मोह असलेल्यांनी आधी तेवढे पाहावे.) फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेला जाणाऱ्याचे पायथन आणि जावा प्रोसेसरमधील ग्राफिक्सवरच सुखाने चालतात, यंत्रशिक्षणाचे (मशीन लर्निंगचे) प्रयोग करायचे झाले, तर सुरुवातीला गूगलच्याच संगणकांवर प्रोग्रॅम चालवू देणारी गूगल कोलॅबची फुकट सेवा पुरे. मेकॅनिकलवाल्याची गोष्ट वेगळी: सॉलिडवर्क्स या यंत्र-आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अनेक भाग जोडलेल्या मोठ्या रचना उघडायच्या तर कार्डाचा उपयोग होतो. आल्तिनोवरील वास्तुकला महाविद्यालयात त्रिमितीय रेंडरिंग (इमारतीची हुबेहूब चित्रे तयार करणे) करणाऱ्यालाही होतो. पण तेथेही नुसते ‘आरटीएक्स ३०५०’ असे नाव पाहून भागत नाही, कारण हेच कार्ड लॅपटॉपनुसार ३५ ते ८० वॉटपर्यंत कितीही शक्तीवर बसवलेले असते आणि कामगिरीत त्याप्रमाणे फरक पडतो. शेजारच्या कला महाविद्यालयातील विद्यार्थ्याने तर आधी पडद्याकडे पाहावे, ज्याचा संदेशात उल्लेखही नाही. ‘४५ टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवतो याचे एक माप) असे लिहिलेला पडदा एसआरजीबी या संगणकावरील प्रमाण रंगसंचापैकी जेमतेम दोन तृतीयांश दाखवतो. अशा पडद्यावर जुळवलेला लाल रंग छापखान्यातून वेगळाच होऊन परत येतो, मग आत कितीही महाग कार्ड असो. शिवाय कार्डवाला लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, त्याचा चार्जर वेगळा जड, आणि बॅटरी लवकर उतरणारी. साखळीहून रोज कदंब बसमधून उभ्याने पणजी गाठणाऱ्या मुलीच्या खांद्याचा विचार कोणी तरी करायला हवा.

दहा वर्षांच्या हमीचे उत्तर काळानेच दिले आहे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ला, तुरळक अपवाद सोडता, इंटेलच्या आठव्या किंवा नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ साली सातव्या पिढीचा आय७ ‘एकदाच’ म्हणून महागात घेणारे अधिकृतपणे बाहेर राहिले, तर पुढच्या वर्षी आठव्या पिढीचा साधा आय३-८१३०यू घेणारे आत आले. बॅटरीही काही शे चार्ज-फेऱ्यांनंतर उतरू लागते. त्यात आपला पावसाळा: चार महिने दमट हवा, किनाऱ्याजवळ खारा वारा आणि बंद बॅगेत राहिलेल्या लॅपटॉपच्या पोर्टांवर चढणारा गंज. विजेवर सतत जोडलेल्या यंत्रात चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक कंपन्या देतात, ती चालू करावी. एवढे करूनही पाच-सहा वर्षांचा हिशेब धरणे व्यवहार्य, आणि तोच धरला तर ८० हजारांचा हट्ट आपोआप सुटतो.

राहिला ऑनलाइन खरेदीचा मुद्दा. किंमत तेथे कधी कमी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानदाराला तीच किंमत दाखवली तर तोही काही वेळा खाली येतो. फरक पडतो तो वॉरंटीत. घरी येऊन दुरुस्ती करणारी ‘ऑनसाइट’ वॉरंटी आहे, की यंत्र आपणच सेवा केंद्रात न्यायचे, हे वाळपईच्या किंवा काणकोणच्या ग्राहकाने आपला पिनकोड देऊन आधी विचारावे. ऑनलाइनच घ्यायचे ठरले, तर परतीची मुदत संपण्यापूर्वी प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅमचे स्लॉट आणि एसएसडीचा प्रकार बिलावरील वर्णनाशी ताडून पाहावा, आणि वॉरंटीची तारीख आपल्या खरेदीच्या दिवसापासून धरली आहे ना, हे कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक टाकून तपासावे.