चार स्लीव्हा आणि दोन किलो मटार

आमची जुनी पद्मिनी मोटार सुरू झाली की अशोकनगरातल्या आमच्या गल्लीत खिडक्या लागायच्या. डासांच्या फवारणीची गाडी आली असं समजून समोरच्या काकूंनी एकदा नातवाला बखोट धरून घरात ओढलं होतं. निळा धूर, म्हणजे इंजिन तेल पितंय. वडिलांची गाडी, विकवत नाही. निघालो सातपूर एमआयडीसीत, इंजिनं दुरुस्त करणाऱ्या नानांकडे.

नानांनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं आणि म्हणाले, "साहेब, नख फिरवा." सिलिंडरच्या तोंडाशी नख अडकलं. पिस्टनची वरची रिंग जिथून माघारी वळते तिथं तेल कमी आणि आग जास्त, त्यामुळे भिंत तिथंच खाल्ली जाते आणि वर न झिजलेला काठ उरतो. चांगली पायरीच झाली होती.

"बोअर करून, म्हणजे भोक मोठं कापून, मोठे पिस्टन टाकू की," मी ज्ञान पाजळलं.

नानांनी पिस्टनचं डोकं चिंधीनं पुसलं. काजळीखालून ६० आकडा निघाला. साठ थाऊ, म्हणजे इंचाचे साठ हजारांश, दीड मिलिमीटर आधीच कापून झालेले. "याच्यापुढचा पिस्टन मिळत नाही. स्लीव्ह टाकायची."

१०८९ सीसीच्या या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ६८ मिलिमीटर. तो आणखी मोठा कापायचा, त्यात ओतीव लोखंडाची नळी, हीच स्लीव्ह, घट्ट बसवायची आणि मग नळी आतून कापून पुन्हा ६८ वर आणायची. ज्या आकड्यावरून निघालो तिथंच परत यायचं, खिसा तेवढा हलका करून. नळी भोकापेक्षा दोन थाऊ मोठी ठेवतात. पाच शतांश मिलिमीटर! माझ्या डोक्यावर जे काही उरलंय तेसुद्धा त्याहून जाड असेल.

नाना सरळ प्रेसवर दाबून बसवणार होते. पण माझ्या अंगात बारावीचं फिजिक्स संचारलं. नळी गार केली की आकसेल, सिलिंडरांचा ब्लॉक तापवला की फुगेल, अलगद जाईल. शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याची भट्टी होतीच. नाना थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "जाईल. पण हात थांबला नाही पाहिजे."

घरी आणून चारही स्लीव्हा फ्रीजरमध्ये ठेवल्या.

"अहो, हे काय?"

"स्लीव्हा."

"ब्लाउजला लावायला जड होतील." एवढं बोलून ती मटार सोलायला बसली. जानेवारी होता. नाशकात जानेवारीत मटार स्वस्त होतात आणि फ्रीजर आपला राहत नाही.

सकाळी उघडून बघतो तर चारही नळ्यांत काठोकाठ मटार! दोन्ही तोंडांना प्लॅस्टिक आणि रबरबँड. "जागा कुठे होती? आणि डबे बरे आहेत हो तुमचे, गोल." नळ्यांवरचं तेल मटारांना लागलेलं, म्हणजे दोन किलो मटार वाया. त्यावर मी काय ऐकलं ते इथे लिहीत नाही. लाटण्यानं ढोसून मटार बाहेर काढले, नळ्या पुसल्या, पुन्हा गारठवल्या आणि दुपारी थर्माकोलच्या खोक्यातून नेल्या. खोका मासळीवाल्याचा होता.

भट्टीतून ब्लॉक आला. नानांनी पाण्याचा थेंब टाकला, चर्र झालं. नानांनी पहिल्या नळीवरचं दव फडक्यानं टिपलं, नळी तोंडावर धरली आणि सोडली. टक्! नुसता एक आवाज, आणि नळी तळाला. ना हातोडा, ना प्रेस. दुसरी, टक्! मला इतकं भरून आलं की तिसरी मी मागून घेतली. अर्धी आत गेली आणि मी म्हणालो, "नाना, एक मिनिट. फोटो."

दोन मिलिमीटर जाडीच्या नळीला तापलेल्या लोखंडाला टेकल्यावर एक मिनिट फार होतं. फोटो छान आला. नळी तीन बोटं वर राहिली, ती राहिलीच. हातोडा, लाकडी ठोकळा, सप्तशृंगीला नवस, सगळं झालं.

नाना एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. चौथी गारठलेली होती तोवर बसवून घेतली. मग वेल्डिंग मशीन ओढलं आणि अडकलेल्या नळीच्या आतून उभी वेल्डिंगची रेघ मारली. म्हटलं, झालं, आता ब्लॉकही गेला. पण वेल्ड गार होताना आकसतं आणि नळीला आत ओढतं. चहा संपेपर्यंत नळी हातानं बाहेर आली. माझं फिजिक्सच ते, फक्त नानांच्या हातात नीट वागत होतं.

पाचवी नळी त्यांनी स्वतः बसवली. बोअरिंग झालं, होनिंग, म्हणजे आतून बारीक घासणी, झाली. भिंतीवर तेल धरून ठेवणाऱ्या बारीक तिरप्या रेघांची जाळी उठली. ब्लॉकचा वरचा सपाट भाग घासून झाला, पिस्टन ६८ चे नवे आले.

गाडी आता धुराशिवाय निघते. परवा समोरच्या काकूंनी विचारलं, "गाडी काढून टाकली का हो? बरेच दिवसांत दिसली नाही." वेल्डची रेघ असलेली ती नळी आमच्या ओट्यावर आहे. तिच्यात झारे आणि उलथणी उभी असतात, आणि पाहुणे आले की बायको आधी ती दाखवते, मग माझा फोटो.