पळसाच्या फुलाला कोणता रोल? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, रानफुलांचे फोटो घ्यायला मी फुजीची प्रोव्हिया 100 एफ ही स्लाइड फिल्म सुचवली, त्यावर तुम्ही लिहिलंत, "वेल्व्हिया 50 सोडून प्रोव्हिया सांगणारा सातपुड्यात गेलेलाच नसावा." मतभेद असू शकतो, पण ही बोलायची रीत नव्हे. तोरणमाळ, पाल इथं वीस वर्षं या दोन्ही स्लाइड फिल्मचे रोल वापरलेत, म्हणूनच लिहिलं.

वेल्व्हियासाठी मीटरवर फिल्मचा वेग (आयएसओ) 50 ऐवजी 40 लावावा हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. ते माझ्या लेखात राहून गेलं.

पण पळस घ्या. केशरी पाकळीवर बारीक रेशमी लव असते, बुडाशी काळपट मखमली निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांना धरणारी वाटी. फाल्गुनातल्या उन्हात वेल्व्हियावर तो निदलपुंज नुसता काळा डाग होतो आणि पाकळीवरची लव, शिरा एकसलग केशरीत बुडतात. भिंतीवर लावायला ते चित्र देखणं असेल, पण वनस्पतीची नोंद म्हणून कामाचं नाही, आणि माझा लेख नोंदीबद्दल होता. प्रोव्हियाचा कॉन्ट्रास्ट सौम्य आहे, त्यामुळे निदलपुंजाची लवही उमटते. ऊन कडक असेल तर फुलावर बटर पेपरची सावली धरा, त्याच सावलीत ग्रे कार्डवर (करड्या पुठ्ठ्यावर) उजेड मोजा, आणि अर्ध्या-अर्ध्या स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकानं तीन फ्रेम घ्या. स्लाइड याहून जास्त चूक पोटात घालत नाही.

पावसाळ्यात तर हिशेबच मांडा. ढगाळ दिवस, झाडाखालचं फूल, लेन्सचं छिद्र एफ 11, फिल्मवर निम्म्या आकाराचं चित्र. एवढ्या जवळून घेताना उजेड सव्वा स्टॉपनं घटतो. तुमच्या 40 वर शटर जवळपास एक सेकंद उघडं राहतं, 100 वर साधारण एक तृतीयांश. नाजूक देठाचं फूल एक सेकंद स्थिर राहील इतकी वाऱ्याची उघडीप किती वेळा मिळते? छिद्र आणखी लहान, एफ 16 केलं की वेल्व्हिया सेकंदाच्या पुढे जाते, तिथून तिला जादा एक्सपोजर द्यावं लागतं. प्रोव्हियाला 128 सेकंदांपर्यंत काहीच दुरुस्ती लागत नाही.

निगेटिव्ह स्वस्त पडते, डिजिटल सोपं आहे, हे बाकीचे मुद्दे माझ्या लेखाचा विषयच नव्हते.

एकाच फुलाच्या दोन्ही रोलवरच्या स्लाइड लाइटबॉक्सवर शेजारी ठेवा, भिंगातून निदलपुंज बघा. मग सातपुड्याबद्दलचं ते वाक्य मागे घ्यायचं की नाही, ते सांगा.