सेल्युलोजला रसायन लागलं की ते बिघडतं का?

मागच्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि तिखट प्रतिक्रिया दिलीत. तिचा गाभा इथे मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचं म्हणणं असं: कापसातलं, लाकडातलं सेल्युलोज निसर्गतः कुजतं, त्यावर रासायनिक प्रक्रिया केली की ते प्लॅस्टिकच्याच पंगतीत जातं, व्हिस्कोजने (लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या रेयॉनच्या सुताने) कामगारांचे जीव घेतले, तरी त्याला ‘शाश्वत’ म्हणणं ही धूळफेक आहे, त्यापेक्षा साधं सुती कापड आणि उसाच्या चिपाडाच्या पत्रावळी वापराव्यात. शिवाय विदर्भात पऱ्हाट्या (कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडं) जाळतात त्याचं काय, हेही विचारलंत.

व्हिस्कोजबद्दल तुम्ही लिहिलंत ते कमीच आहे. दक्षिण कोरियातल्या वोनजिन रेयॉन कारखान्याने जपानमधली जुनी यंत्रं आणून सूत काढलं. १९८८मध्ये तिथल्या कामगारांना झालेली, हे सूत काढताना लागणाऱ्या कार्बन डायसल्फाइडची विषबाधा चव्हाट्यावर आली. मज्जातंतू निकामी होणं, मानसिक तोल जाणं, पक्षाघात, असे शेकडो रुग्ण निघाले. १९९३मध्ये कारखाना बंद झाला आणि तीच यंत्रं पुढे चीनला विकली गेली. या साखळीत कुठल्याच देशाला यंत्रं भंगारात काढावीशी वाटली नाहीत, ही गोष्ट मला आकड्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

पण या कारखान्यात सेल्युलोजचं नेमकं काय होतं ते पाहा. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात. मग त्याच्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करून विरघळू शकणारं झँथेट बनवतात, कारण सेल्युलोज असं सहजासहजी कशात विरघळत नाही. तो मधासारखा दाट द्रव बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या टाकीत सोडला की झँथेट तुटतं, कार्बन डायसल्फाइड सुटतं आणि मागे उरतं ते पुन्हा सेल्युलोजच. साखळ्या आखूड झालेल्या असतात, स्फटिकरचना बदललेली असते, पण रेणू तोच. हे सूत मातीत कापसाइतकंच, बरेचदा त्याहून लवकर, कुजतं. म्हणजे रासायनिक बदल आला आणि गेला. जीव घेतले ते ४६ अंशांनाच उकळणाऱ्या त्या द्रवाने. त्याची वाफ कोंडून परत वापरायचा खर्च कुणाला करायचा नव्हता.

म्हणून ‘बदल केला की नाही’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. बदल रेणूवर कुठे केला, किती केला, आणि त्यासाठी आणलेलं रसायन शेवटी गेलं कुठे, हे विचारल्याशिवाय कुठल्याही धाग्याला बरं किंवा वाईट म्हणता येत नाही.

लायोसेल या धाग्याचं उदाहरण घ्या. तिथे सेल्युलोजशी कुठलाच नवा बंध जोडत नाहीत. एनएमएमओ नावाच्या द्रावकात लगदा थेट विरघळवतात, पाण्यात सूत काढतात आणि ९९ टक्क्यांहून जास्त द्रावक परत मिळवतात. हे द्रावक फार तापलं तर क्रिया हाताबाहेर जाऊन स्फोटापर्यंत जाऊ शकते, म्हणून त्यात स्थिर ठेवणारी रसायनं घालावी लागतात. अगदी साधुसंत तेही नाही. पण व्हिस्कोजच्या मानाने कामगाराच्या फुप्फुसांचा प्रश्न तिथे बराच सुटतो. फिनलंडमध्ये आणखी एक वाट चालू आहे: टाकाऊ सुती कापडावर युरियाची क्रिया करून सेल्युलोज कार्बामेट बनवायचं. ते सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि कार्बन डायसल्फाइडची गरजच उरत नाही.

तुमच्यासारखाच प्रश्न युरोपीय संघालाही पडला होता. २०१९च्या एकल-वापर प्लॅस्टिकविरोधी कायद्याने ‘रासायनिक बदल न केलेले नैसर्गिक बहुवारिक’ (पॉलिमर) वगळले. मग व्हिस्कोज त्यात बसतं का? २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी शेवटी हाती येणारा रेणू पाहिला: व्हिस्कोज आणि लायोसेल सुटले, सेल्युलोज अ‍ॅसिटेट मात्र प्लॅस्टिक ठरलं. रसायनशास्त्र म्हणून हे बरोबरच आहे. पण या रेषेला कारखान्यातली हवा दिसत नाही, आणि दुसरीकडे पृष्ठभागावर किंचित बदल केलेला, मातीत सहज जाणारा धागाही तिच्या पलीकडे पडू शकतो. कायद्याला रेषा हवी असते हे समजतं. आपण तरी तिलाच सत्य मानायला नको.

आता ‘किती’ म्हणजे काय ते सांगतो. सेल्युलोजच्या साखळीत ग्लुकोजच्या प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांना पकडून आपण काहीतरी जोडतो. तिन्हींपैकी सरासरी एकही पुरता न व्यापता, ०.७च्या आसपास कार्बोक्सिमिथाइल गट जोडले की तयार होणारं सीएमसी पाण्यात विरघळतं. आइस्क्रीम आणि टूथपेस्टमध्ये दाटपणा येतो तो बरेचदा त्यानेच. तिथेच तीनपैकी सुमारे अडीच जागी अ‍ॅसिटिल गट बसवले की सेल्युलोज अ‍ॅसिटेट, म्हणजे सिगारेटच्या फिल्टरचा धागा, होतो. त्यावर सूक्ष्मजीवांना आधी ते अ‍ॅसिटिल गट सोलावे लागतात, मगच सेल्युलोजपर्यंत पोहोचता येतं. म्हणून थोटकं वर्षानुवर्षं पडून राहतात. या फिल्टरबद्दल तुमची टीका शंभर टक्के लागू आहे आणि मी कधी त्याची बाजू घेणार नाही.

सेल्युलोज नायट्रेटचीही तीच गत. थोडे नायट्रेट गट असले की नखांना लावायचं पॉलिश किंवा जुन्या सिनेमाची फिल्म होते, जास्त झाले की तोफांची दारू. ती फिल्मही काही निरुपद्रवी नव्हे. जळायला लागणारा ऑक्सिजन रेणूतच असल्यामुळे ती पाण्याखालीही विझत नाही. जानेवारी २००३मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या काळातल्या मूळ प्रती गेल्या. नायट्रेटनंतरच्या काळातली अ‍ॅसिटेट फिल्म ‘सुरक्षित’ म्हणून आली. तिचे डबे उघडले की व्हिनेगरचा वास येतो, कारण दमट हवेत तेच अ‍ॅसिटिल गट एकेक करून गळतात. एकच सेल्युलोज, तीन हायड्रॉक्सिल, आणि नशीब इतकं वेगवेगळं.

‘बदल केला की कुजणं थांबतं’ हा तुमचा नियम मात्र मला मान्य नाही, कारण त्याचं धडधडीत उलटं उदाहरण शस्त्रक्रियेच्या खोलीत आहे. साध्या कापसाचा गॉजचा तुकडा चुकून रुग्णाच्या पोटात राहिला तर तो वर्षं लोटली तरी विरघळत नाही. भोवती गाठ धरते आणि पुन्हा पोट उघडावं लागतं. माणसाच्या शरीरात सेल्युलोज तोडणारं विकरच (एन्झाइम) नाही. पण रक्तस्राव थांबवायला सर्जन जो ऑक्सिडीकृत सेल्युलोजचा कपडा ठेवतात, त्याच्या कड्यांवर कार्बोक्सिल गट आणलेले असतात. तो रक्त गोठवतो आणि साधारण एक-दोन आठवड्यांत शरीरात जिरून जातो. इथे ‘नैसर्गिक’ धागा अडकून राहिला आणि रसायन लावलेला निघून गेला.

साध्या सुती कापडाबद्दल: कोऱ्या, न धुतलेल्या मांजरपाटाखेरीज बाजारातलं जवळपास सगळं सुती कापड कॉस्टिक आणि पेरॉक्साइडमधून गेलेलं असतं. १९५०च्या दशकात आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग तर सेल्युलोजशी थेट सहसंयुज बंध जोडतात, म्हणून धुतल्यावर रंग जात नाही. तुमच्या कपाटातला रिंकल-फ्री शर्ट घेतलात तर त्यात सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना रेझिनने जोडलेल्या आहेत, आणि ते रेझिन बहुधा फॉर्मल्डिहाइडवर आधारलेलं. चिपाडाच्या पत्रावळीत सेल्युलोजला कुणी हात लावलेला नसतो, पण तेल झिरपू नये म्हणून अशा भांड्यांत फ्लोरिनयुक्त ‘कायमची रसायनं’ मिसळण्याची पद्धत बरीच वर्षं होती. अमेरिकेत ती खाद्यवेष्टनांतून हद्दपार झाल्याचं तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केलं ते २०२४मध्ये.

मागच्या लेखात मी ज्याचं कौतुक केलं होतं त्या नॅनोसेल्युलोजबद्दलही, म्हणजे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म धाग्यांबद्दलही, बोलतो. टोकियो विद्यापीठात अकिरा इसोगाई आणि त्सुगुयुकी साइतो यांनी टेम्पो नावाच्या उत्प्रेरकाने फक्त तंतुकांच्या पृष्ठभागावरचे, तेही सहाव्या कार्बनवरचे, हायड्रॉक्सिल बदलून कार्बोक्सिलेट केले. आतलं स्फटिक जसंच्या तसं. पृष्ठभागावर ऋणभार आल्याने तंतुकं एकमेकांना ढकलतात आणि लाकडाचा लगदा थोड्याशा घुसळणीत तीन-चार नॅनोमीटर जाडीच्या धाग्यांत सुटा होतो. आधी त्यासाठी प्रचंड वीज लागायची. २०१५चा मार्कुस वालेनबर्ग पुरस्कार या कामाला मिळाला, आणि योग्यच मिळाला. तरी त्यावर हिरवा शिक्का मी आज मारणार नाही. टेम्पो महाग आहे, ऑक्सिडीकरणाला हायपोक्लोराइट लागतं आणि पाण्यात क्षार उरतात. माल एक-दोन टक्के धागा आणि बाकी पाणी असाच टँकरने न्यावा लागतो, कारण वाळवला की धागे घट्ट चिकटून बसतात. कोरड्या हवेत ऑक्सिजन अडवणारा त्याचा पडदा आपल्या पावसाळ्यात ढेपाळतो.

राहिल्या पऱ्हाट्या. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्यांच्यापासून पार्टिकल बोर्ड करून दाखवले आहेत, लगदाही निघतो. अडचण प्रयोगशाळेत नाही, बांधावर आहे. पऱ्हाटी हलकी आणि पसरट, ट्रॉली भरली तरी वजन भरत नाही. शिवाय ढीग साठवून ठेवला तर त्यातल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते, म्हणून कृषी खातंच हंगामानंतर पऱ्हाट्या उपटून नष्ट करायला सांगतं आणि शेतकरी काडी लावतो. शेतातच तिचा चिपरने भुसा केला तर अळीही मरते आणि वाहतूकही परवडण्याच्या जवळ येते. तुमच्या भागात असा चिपर भाड्याने मिळतो का, आणि बॉयलरवाले पऱ्हाटी टनामागे काय भावाने उचलतात? बॉयलरचा भाव कळला तर लगद्याचं गणित मांडता येईल.