दंड वाढवाल, पण पकडणार कोण?
उघड्यावर कचरा टाकण्याचा दंड दुप्पट केला की लोक सुधारतील, असं एका लेखात म्हटलंय. अहो, रस्त्यावर, नाल्यात, नदीत कचरा टाकायचा नाही, टाकला तर जागेवर दंड, हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच होतं की! आमच्याकडे नाशिकला नासर्डी नदीच्या पुलाजवळ रात्री अकरानंतर ट्रॅक्टर येतो, फुटक्या कमोडसकट अख्खं बाथरूम काठावर ओततो आणि दिवे बंद करून पसार. नंबर प्लेटवर चिखल फासलेला, तोही भर उन्हाळ्यात. सकाळी पावती फाडतात भाजीवालीची, कारण ती जागेवर सापडते. घरचा कचरा घंटागाडीत जातो हो, अडलंय ते राडारोड्यापाशी. बांधकामाची परवानगी देतानाच मलबा कुठे टाकणार ते लिहून घ्या, अनामत ठेवा. ट्रॅक्टर सापडला तर सरळ जप्त करा. दंडाचे पैसे तो डिझेलच्या खर्चात धरूनच निघतो.