काका, तो यानाचेकचा फॉरवर्ड आता पुरे

परवा सकाळी काकांनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. वर 'जरूर वाचा', खाली जोडलेले हात. विषय काय, तर लेओश यानाचेक या झेक संगीतकाराचा 'खरा चेहरा'. म्हणे त्याने खेड्यापाड्यातली गाणी उचलून स्वतःच्या नावावर खपवली. पोटची मुलगी मरत असताना हा निर्दयी माणूस वहीत सूर लिहीत बसला. चोरी ओळखूनच प्रागने त्याला दारात उभं केलं नाही. आणि त्याची 'आधुनिक' शैली घडली ती टागोरांना भेटून, आपले राग ऐकून.

एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण भाची सध्या पियानोवर त्याचीच एक रचना बसवते आहे. रात्री तिचा फोन आला, "मामा, हे खरं असेल तर मी दुसरं काहीतरी घेऊ का?"

टागोरांचं आधी उरकतो. यानाचेकने १९२१ साली प्रागमध्ये त्यांना ऐकलं, पुढच्या वर्षी त्यांच्या एका कवितेवर समूहगान रचलं, हे खरं. पण 'येनूफा' हा त्याचा ऑपेरा ब्रनो या झेक शहरातल्या रंगमंचावर आला १९०४ साली. सतरा वर्षांनी भेटणाऱ्या माणसाकडून शैली आधीच कशी उसनी घेतात, ते काकांनी समजावून सांगावं. शिवाय त्या दिवशी यानाचेकने टिपून घेतले ते टागोरांच्या बोलण्यातले चढउतार. रागबिग काही नाही.

चोरीच्या आरोपात चिमूटभर तथ्य आहे, तेवढं नाइलाजाने देऊन टाकतो. त्याच्या सुरुवातीच्या नाचांमध्ये आणि एका छोट्या ऑपेरात लोकधुना सरळसरळ आहेत. पण लोकगीतांचा अभ्यासक फ्रांतिशेक बार्तोश याच्याबरोबर मोराव्हिया या त्याच्या मुलुखातली २,०५७ गाणी आणि नाच गोळा करून यानेच छापले, तेही गावांच्या नावांसकट. चोरीच्या मालाची अशी यादी कोणी छापतं का? 'येनूफा'त सैन्यात भरती झालेल्या पोरांचं गाणं आहे, लग्नाचं गाणं आहे. ऐकताना वाटतं, ही गावातलीच. शब्द गावातलेच आहेत, चाली मात्र यानाचेकच्या.

त्याने खरोखर काही उचललं असेल तर ते लोकांचं बोलणं. आपल्याकडचा साधा 'हो' घ्या. आई कामात असताना म्हणते तो तुटक 'हो', शेजारीण बातमी ऐकून लांबवते तो 'होऽऽ?', आणि भांडण संपवायला टाकलेला, खाली घसरत जाणारा 'हो'. अक्षर एकच, सूर तीन. यानाचेक असे सूर वहीत उतरवायचा. रस्त्यातली माणसं, लहान मुलं, पक्षीसुद्धा त्यातून सुटले नाहीत. त्याच्या गायकांच्या ओळी आखूड, तुटक, मधेच वर उसळणाऱ्या का असतात, ते इथे कळतं.

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं तो. त्याची मुलगी ओल्गा १९०२ साली सेंट पीटर्सबर्गला गेली होती, तिथे तिला विषमज्वर झाला. घरी आणलं, पण ती सावरली नाही. २६ फेब्रुवारी १९०३ला गेली, वय जेमतेम वीस. तिचे शेवटचे शब्द बापाने सुरांत लिहून ठेवले, हे खरं आहे. मजकूर तिथेच थांबतो. मुलगा व्लादिमीर अडीच वर्षांचा असताना, १८९० साली गेला होता, हे त्यात नाही. 'येनूफा' मला रंगमंचावर ऐकायला मिळणार नाही, आत्ताच वाजवून दाखवा, असं ओल्गानेच म्हटलं आणि त्याने अख्खा ऑपेरा पियानोवर तिला ऐकवला, हेही नाही. घरात काम करणाऱ्या मारी स्टेयस्कालोवाने ते सांगून ठेवलंय. जॉन टिरेल यांच्या दोन खंडांच्या चरित्रात हे सगळं सविस्तर आहे, आणि माझी बरीचशी भिस्त त्यावरच आहे. यानाचेक नवरा म्हणून चांगला नव्हता, हेही तिथेच वाचायला मिळतं. मी त्याला संत ठरवायला बसलेलो नाही. पण जन्मभर माणसांचे आवाज वहीत साठवणाऱ्याने लेकीचा आवाज तेवढा वाऱ्यावर सोडायचा होता का?

राहता राहिलं प्राग. तिथल्या नॅशनल थिएटरचा ऑपेराप्रमुख कारेल कोवारझोवित्स. त्याच्या ऑपेराची यानाचेकने १८८७ साली चांगलीच खरडपट्टी काढली होती. 'येनूफा' तिथे लागायला १९१६ उजाडलं, तेही कोवारझोवित्सने वाद्यमेळात स्वतःचा हात फिरवल्यावर. यानाचेक तेव्हा ६१ वर्षांचा होता.

भाचीची रचना त्याच्या 'झाडोऱ्याने झाकलेल्या वाटेवर' या पियानोमालेच्या पहिल्या भागातली शेवटची आहे, 'घुबड उडून गेलं नाही'. मूळ शब्द ज्या छोट्या घुबडाचा आहे ते आपल्या पिंगळ्याचं भाऊबंद. आजाऱ्याच्या घरावर बसलेलं ते घुबड हाकलूनही गेलं नाही तर माणूस वाचत नाही, अशी तिकडची समजूत. एक फडफडणारी लकेर येते, तिच्यासमोर प्रार्थनेसारखी संथ ओळ, आणि लकेर पुन्हा पुन्हा परतते. काल तिने रेकॉर्डिंग पाठवलं. फडफड जमली आहे, संथ ओळीत अजून घाई होते.