आरव्हीसाठी गन कोणती घेऊ? आधी रूट सांगा, मग बोलू

उन्हाळा जवळ आला की टेक्सासमधल्या आपल्या मराठी मंडळींत आरव्ही, म्हणजे आत बेड-किचन असलेल्या घरासारख्या गाडीच्या, ट्रिपचे बेत सुरू होतात आणि त्यासोबत हा प्रश्न येतोच, की रात्री कुठेतरी आडरानात थांबणार, पोरंबाळं सोबत, तर जवळ एखादी गन असावी का आणि असावी तर कोणती. लगेच सगळे ब्रँडवर येतात, कोणी ग्लॉक म्हणतं, कोणी सिग, कोणी म्हणतं शॉटगनच घे, नुसता आवाज ऐकून पळतील. माझं म्हणणं असं आहे की कोणती गन हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी तुमचं इमिग्रेशन स्टेटस काय ते सांगा, मग रूट कुठून कुठे ते सांगा, आणि गाडीत झोपणारं सगळ्यात लहान पोर केवढं आहे तेही सांगा. मी गनच्या विरोधात नाही हे आधीच सांगते, आम्ही दोघं सिटिझन, दोघांकडे टेक्सासचं गन बाळगायचं लायसन्स, आमच्या मोटरहोममध्ये पिस्तूल असतं. म्हणूनच हे लिहितेय.

स्टेटसचं पहिलं, कारण यात आपली माणसं सगळ्यात जास्त फसू शकतात. एच-वन बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, म्हणजे नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने गन किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच बंदी आहे. विकत घेणं सोडा, नुसतं ताब्यात असणंही गुन्हा, आणि २०२२ पासून त्याची शिक्षा जास्तीत जास्त १५ वर्षं झालीय. अपवाद आहेत, त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे कुठल्याही राज्याचं व्हॅलिड हंटिंग लायसन्स जवळ असणं, पण त्याच्या भरवशावर काही करायचं तर आधी वकिलाला विचारा, मित्राच्या मित्राला नाही. वेगासला गेल्यावर रेंजवर भाड्याने गन घेऊन फोटो काढतात ना, तेसुद्धा यातच येतं. परवा माझ्या चुलत दिराने फोन केला, वहिनी, आम्ही येलोस्टोनला चाललोय, तुमचं पिस्तूल आठवडाभर देता का. तो एच-वन बीवर. मी नाही म्हटलं, आणि का ते अर्धा तास बसून समजावलं, कारण त्याच्या हातात ते देणं हा माझाही गुन्हा झाला असता. ग्रीन कार्डवाल्यांना गन घेता येते, पण गनशी संबंधित गुन्हा सिद्ध झाला तर ग्रीन कार्ड असूनही डिपोर्टेशन होऊ शकतं हे डोक्यात ठेवा. आणि एक सिटिझन, बाकी सगळे व्हिसावर असा ग्रुप एकाच आरव्हीत असेल तर गन कुलपात आणि किल्ली फक्त त्या एकाकडे, कारण किल्ली ज्याच्याकडे त्याचा ताबा असं कोर्ट धरू शकतं.

आता रूट. टेक्सासचा कायदा आरव्हीवाल्यांवर खरंच मेहेरबान आहे, राहण्यासाठी वापरात असलेली आरव्ही, भले दोन दिवसांपुरती का असेना, इथे तुमच्या घराच्या जागेत धरतात. पण हे टेक्सासचं झालं. आपल्याला आरव्ही घर वाटते, पडदे आहेत, गॅस आहे, देव्हारासुद्धा मांडतात लोक, पण १९८५ साली कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रस्त्यावर धावू शकणारं मोटरहोम हे झडतीच्या बाबतीत गाडीच, वॉरंटशिवाय तपासता येतं. सॅन डिएगोमध्ये पार्किंग लॉटमध्ये उभं होतं ते. कॅम्पग्राउंडवर वीज-पाणी जोडून उभ्या असलेल्या आरव्हीचं काय, हे तेव्हा कोर्टाने उघडंच ठेवलं.

आणि राज्याची हद्द ओलांडली की सगळं बदलतं. निम्म्याहून जास्त राज्यांत आता परमिटशिवाय पिस्तूल बाळगता येतं, पण न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया, मेरीलँड, इलिनॉय इथे बाहेरच्या माणसाने पिस्तूल घेऊन जाणं म्हणजे भलतीच जोखीम. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातली एक तरुण आई न्यू जर्सीत ट्रॅफिक स्टॉपला थांबली, तिच्या राज्याचं परमिट होतं, तिने स्वतःहून पोलिसाला सांगितलं की पर्समध्ये गन आहे, आणि तिथेच अटक. काही वर्षं तुरुंगात जायची वेळ आली होती, शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्तींनी माफी दिली. प्रत्येकाच्या नशिबात गव्हर्नर नसतो.

मग लोक म्हणतात, अहो १९८६ चा फेडरल कायदा आहे ना, प्रवासात संरक्षण मिळतं. मिळतं, पण अटी बघा. जिथून निघालात आणि जिथे चाललात, दोन्हीकडे ती गन तुमच्यासाठी कायदेशीर हवी, गन अनलोडेड, गन आणि गोळ्या दोन्ही हाताला सहज न लागणाऱ्या, आणि गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत, ग्लव्ह बॉक्स आणि कन्सोल चालत नाही. मोटरहोममध्ये ड्रायव्हर सीट आणि बेडरूम एकच खोली, त्यामुळे पेटी लागतेच. आणि रात्री मुक्काम केला की? २००५ मध्ये युटाहचा एक माणूस नीट डिक्लेअर करून, कुलूपबंद पिस्तूल सामानात घेऊन विमानाने चालला होता, न्यूअर्कला फ्लाइट चुकली, रात्री सामानासकट हॉटेलात राहिला, सकाळी एअरपोर्टवर पुन्हा डिक्लेअर केलं आणि अटक झाली. पुढे केस सोडून दिली, पण त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला तेव्हा २०१० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की रात्रभर बॅग तुमच्या हाताशी होती, त्यामुळे त्या कायद्याचं संरक्षण नाही. आता विचार करा, आपण आरव्हीवाले रोज रात्री कुठेतरी मुक्कामच करतो, आणि ते सामान रात्रभर आपल्याच खोलीत असतं. न्यू जर्सीच्या कॅम्पग्राउंडमध्ये चार रात्री राहून "मी फक्त पास होतोय" असं म्हणता येणार नाही. आमचा रूट तिकडून असेल तर पिस्तूल घरच्या तिजोरीत राहतं, यावर आमच्या घरी वादच होत नाही.

नॅशनल पार्कमध्ये २०१० पासून त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे गन बाळगता येते, पण व्हिजिटर सेंटरसारख्या फेडरल बिल्डिंगमध्ये नाही, आणि येलोस्टोन तीन राज्यांत पसरलंय. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या, म्हणजे लष्कराच्या धरणं-तलाव सांभाळणाऱ्या विभागाच्या, तलावांवर, आपल्या लेक टेक्सोमासारख्या, नियम वेगळे आहेत, तिथे लोडेड गनला लेखी परवानगी लागते. कॅनडात २०२२ पासून बाहेरून हँडगन नेणं बंदच आहे, अलास्काला गाडीने जाणाऱ्यांना साधी पंप शॉटगन बॉर्डरवर जाहीर करून, फॉर्म भरून, फी देऊन नेता येते, तीही रानातल्या जनावरांपासून बचाव म्हणून. माणसांपासून बचाव असं कारण तिथे चालत नाही. मेक्सिकोकडे निघाला असाल तर सीटच्या फटीत एखादी गोळी पडलेली नाही ना हे आधी तपासा.

एवढं सगळं बघून झालं तर मग गन. आरव्हीची भिंत म्हणजे फायबरग्लास किंवा अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये फोम, आत पातळ प्लायवूड. कुठलीही बचावाच्या कामाची गोळी ती भिंत पार करून शेजारच्या आरव्हीत जाऊ शकते, आणि शेजारच्या आरव्हीत कोणाचं तरी पोर बंक बेडवर झोपलंय. हे मला ब्रँडपेक्षा फार महत्त्वाचं वाटतं. रायफल म्हणूनच मला आरव्हीसाठी पटत नाही, शिवाय एआर-१५ सारख्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर कितीतरी राज्यांत बंदी. शॉटगन कायद्याच्या बाबतीत सगळ्यात कमी कटकटीची, २० गेजची पंप असेल तर धक्काही बेताचा, पण बॅरल किमान १८ इंच लागतंच आणि बाथरूम आणि किचनमधल्या त्या चिंचोळ्या जागेत ती वळवून बघा, दारापर्यंत नीट येत नाही. आम्ही नाइन एमएमचं मध्यम साइजचं पिस्तूल ठेवतो, १० राऊंडच्या मॅगझिनसह, कारण बऱ्याच कडक राज्यांत मर्यादा १० ची आहे. फार सराव करायला वेळ नसेल त्याला मी थर्टी-एट स्पेशल रिव्हॉल्वर सुचवेन. सरावच करणार नसाल तर काहीच नको. आपण बँकेच्या वॉचमनच्या डबल बॅरलपलीकडे बंदूक न बघता वाढलेली माणसं, इथल्यासारखं बापाने लहानपणी शिकवलेलं नसतं, तेव्हा नीट क्लास लावून शिकायलाच हवं.

आणि पेटी बेडच्या फ्रेमला बोल्टने घट्ट बसवलेली, नुसती ड्रॉवरमध्ये सरकवलेली नाही. अमेरिकेत गाड्यांतून गन चोरीला जाणं हा फार मोठा प्रकार आहे, आणि ती गन पुढे कोणावर तरी चालते.

पण खरं सांगू, आरव्हीचं सगळ्यात मोठं हत्यार तिची चाकं आहेत आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. रात्री दार वाजलं, बाहेर कोण आहे कळत नाही, तर दार न उघडता निघून जायचं. क्लास ए किंवा क्लास सी, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेलं मोटरहोम, असेल तर बेडवरून उठून थेट ड्रायव्हर सीटवर जाता येतं, बाहेर पाय ठेवावा लागत नाही. टो केलेल्या ट्रेलरमध्ये हे जमत नाही, म्हणून आडजागी एकटं राहायचं असेल तर मी ट्रेलर घेणार नाही. वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये किंवा बीएलएमच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन विभागाच्या, मोकळ्या जमिनीवर एका रात्रीसाठी थांबलात तर स्लाइड, म्हणजे बाहेर सरकणारी खोलीची बाजू, काढू नका, गाडी समतल करणारे जॅक टेकवू नका, तोंड रस्त्याकडे करून गाडी लावा, किल्ली ठरलेल्या हुकवर. आणि बऱ्याच आरव्हींच्या बाहेरच्या कप्प्यांची किल्ली कंपनीकडून एकसारखीच येते, ती कुलपं बदलून घ्या, फार खर्च नाही.

दिराला मी शेवटी बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, घ्यायला लावला. येलोस्टोनला तो हवाच, व्हिसाचा प्रश्न येत नाही, आणि अस्वल समोर आलं तर नवख्या माणसाच्या हातात पिस्तुलापेक्षा तोच जास्त कामाचा. फक्त गाडीच्या आत कधीही फवारू नका, सगळ्यात आधी तुमचीच पोरं गुदमरतील, आणि उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर डबा ठेवू नका. परत येताना ते योसेमिटी करणार आहेत, तिथे बेअर स्प्रे न्यायला बंदी आहे, म्हणून पार्कात शिरायच्या आधीच तो कुठे जमा करता येईल हे येलोस्टोनमध्येच विचारून ठेव असं त्याला सांगितलंय.